यंदा संक्रांत निळ्यावर

शर्वरीला डोहाळे लागले ते निळ्या बिटाचे. ही बातमी सुवर्णबाग वसाहतीत संध्याकाळच्या आत पसरली आणि चार घरांतून चार वाट्या आल्या. कोशिंबीर, रायतं, वड्या आणि कोलतेकाकूंकडून शाईच्या दौतीसारखा दिसणारा हलवा. शर्वरीने ओळीने चारही संपवल्या, वाट्या विसळल्या आणि परत पाठवताना त्यात चमचा-चमचा साखर घातली, कारण भरून आलेली वाटी रिकामी पाठवायची नसते. तिची सासू हेमांगी खासनीस त्याच दुपारी हैदराबादहून आली होती. बॅग अजून दारातच उभी होती. हेमांगी खुर्चीत बसून सुनेची निळी जीभ बघत होती.

"आई, एवढंसं राहिलंय, तुम्ही घ्या ना. काय गोड आहे म्हणून सांगू."

"हे बीट कुठून आणलंस?"

"आणायचंय कशाला? खालचंच आहे. आपल्या वाफ्यातलं."

हेमांगीने हलव्याचा चमचा नाकाशी नेला आणि खाली ठेवला. ते बीट तिने बनवलं होतं. हलवा कोलतेकाकूंचा, पण बीट तिचं.

बिटाचा रंग हा जांभूळ-डाळिंबाच्या रंगाच्या कुळातला नाही. बीट, राजगिरा, निवडुंग, बोगनवेल अशा मोजक्या झाडांसाठी निसर्गाने वेगळंच रंगद्रव्य राखून ठेवलं आहे. त्याचं नाव बीटालेन. त्याचा एक मूळ रेणू असतो. त्याला एक जोडीदार मिळाला की रंग लाल होतो, दुसरा मिळाला की पिवळा. हेमांगीच्या प्रयोगशाळेने त्याला तिसरा जोडीदार पाहून दिला आणि त्यातून निळा रंग झाला. आता दुसरी गोष्ट मुळांची. जमिनीत कॅडमियमसारखा जड धातू असला तर बीट तो हावऱ्यासारखा ओढून घेतं. ओढल्यावर मात्र घाबरतं आणि पेशीतली एक कळ दाबतं. मग त्या धातूला बांधून ठेवणारे रेणू तयार होऊ लागतात. हेमांगीने ही कळ आणि तो निळा रंग एकमेकांना जोडून दिले. माती स्वच्छ असली तर बीट पांढरंफटक निघायचं, मातीत कॅडमियम असला तर निळं. जितका जास्त, तितकं गडद.

वाणाचं नाव ठेवलं होतं 'साक्षी'. मातीचा नमुना पाकिटात भरा, पाठवा, अहवालाची वाट बघा, ही सगळी कटकट जाणार होती. बी टाकायचं, बीट उपटायचं, कापायचं आणि बघायचं. बघणं सगळ्यांना येतं, असा प्रयोगशाळेचा समज होता.

शिरवंडे नगरपालिकेने बियांची पाकिटं घरोघरी फुकट वाटली. कापलेल्या बिटाचा फोटो पाठवायचा आणि बीट वॉर्ड ऑफिसात जमा करायचं, अशी योजना होती. 'खाण्यासाठी नाही' ही सूचना पाकिटाच्या मागे, बारकोडच्या पट्ट्यांखाली, मुंगीच्या अक्षरात होती. गावभर पांढरं बीट निघालं. ते मुळ्याच्या आजारी भावासारखं दिसत होतं, त्यामुळे लोकांनी ते इमानदारीने जमा केलं. सुवर्णबागेत मात्र बीट निळं निघालं. नीलमण्यासारखं, कापलं की आत वर्तुळावर वर्तुळं. असली वस्तू वॉर्ड ऑफिसात कोण देतं? लोकांनी फोटो काढले, ते नगरपालिकेला सोडून बाकी सगळ्यांना पाठवले आणि बीट खाल्लं.

वॉर्ड ऑफिसने शेरा मारला, 'नमुने अप्राप्त.' नकाशावर जिथला नमुना नाही तिथे रंग भरला नव्हता. रंग नाही म्हणजे पांढरं, आणि पांढरं म्हणजे स्वच्छ. अशा रीतीने सुवर्णबाग सरकारदरबारी शुद्ध ठरली.

सुवर्णबागेच्या जागी पूर्वी बॅटऱ्यांचा कारखाना होता, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. कारखाना बंद पडला, भिंती पाडल्या, वर वीतभर तांबडी माती पसरली, हिरवळ लावली आणि नाव बदललं. नाव बदलल्यावर जागा बदलते, ही आपल्याकडची जुनी समजूत आहे.

"शर्वरी, हे खाऊ नकोस," हेमांगी म्हणाली. "हे निळं आहे याचा अर्थ खालच्या मातीत कॅडमियम आहे. ते तपासायलाच हे बीट केलंय. मीच केलंय."

शर्वरीने चष्म्याच्या काडीला हात लावून स्वतःचे आकडे काचेवर आणले. संगणकाच्या कंपनीत नोकरी करणारी हुशार मुलगी होती ती. न बघता कशावर विश्वास ठेवत नसे.

"माझं हेल्थ ॲप तर हिरवं दाखवतंय, आई. किडनी नॉर्मल, हाडं नॉर्मल. 'परिसराच्या सरासरीनुसार उत्तम.'"

"परिसराच्या सरासरीनुसार? म्हणजे या वसाहतीच्या?"

"हो, मग दुसऱ्या कोणाच्या?"

"अगं, सगळी वसाहतच ते खातेय!"

"बघा ना! आणि कोणालाच काही झालेलं नाही."

हेमांगीचा मुलगा निमिष भांडणात नेहमी मध्यभागी उभा राहायचा, म्हणजे कुठेच उभा राहायचा नाही. "आई, तुझं लॉजिक बरोबर आहे," तो म्हणाला. "पण तिला आवडतं गं. या दिवसांत मन मोडू नये म्हणतात."

कॅडमियम शरीरात येतो तो मुक्कामाला. मूत्रपिंडात बसतो आणि वीस-वीस वर्षं हलत नाही. हाडं हळूहळू पोकळ करतो. गरोदर बाईच्या वारेत साठतो आणि बाळाच्या तोंडचं पोषण अडवतो. हे सगळं हेमांगीने त्या रात्री जेवताना सांगितलं. शर्वरीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, तुम्ही प्रवासातून दमून आलाय. पडा थोडं."

कोलतेकाका वसाहतीचे अध्यक्ष होते. विमा कंपनीतून निवृत्त झालेले, त्यामुळे धोका या विषयावर अधिकाराने बोलत. रविवारच्या सभेत हेमांगीने सगळ्यांसमोर बीट कापून दाखवलं आणि दहा मिनिटं समजावून सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शास्त्रज्ञ आपल्याच वसाहतीत राहायला आली याचा त्यांना खरोखर अभिमान वाटला.

"मॅडम, तुमच्या बोलण्यातून मला एक मुद्दा मिळाला," कोलतेकाका म्हणाले. "हे बीट निळं येतं ते फक्त आपल्या मातीत. दुसरीकडे कुठेच नाही. बरोबर?"

"बरोबर. कारण दुसरीकडे विष नाही."

"कारण काहीही असो. आपण भौगोलिक मानांकनाचा अर्ज केलाय. 'सुवर्णबागेचं निळं.' तुमची सही मिळाली तर वजन पडेल."

"काका, मी सांगतेय काय, तुम्ही बोलताय काय!"

"विरोधात सही केलीत तरी चालेल," मागून कोणीतरी म्हणालं. "शास्त्रज्ञांनी दखल घेतली असं लिहिता येतं."

सभा संपली. जिना उतरताना कोलतेकाकूंनी हेमांगीचा हात धरला. आधारासाठी धरला होता. त्यांचे गुडघे गेले होते. वसाहतीतल्या सगळ्याच बायकांचे गुडघे, कंबरा आणि मनगटं वर्षभरात कुरकुरायला लागली होती. फाटकाजवळ हाडांचे दोन दवाखाने निघाले होते आणि दोन्ही छान चालत होते.

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका, हेमांगीताई," काकू म्हणाल्या. "संक्रांत आलीय तोंडावर. यंदा हळदीकुंकवाला मी वाण म्हणून निळं बीटच लुटणार आहे. एकेक बीट, वर चिमूटभर तीळ. शर्वरीला दोन देईन हो, दोन जिवांची आहे."

हेमांगी घरी आली तेव्हा शर्वरी गच्चीच्या कठड्याला टेकून बीट गाजरासारखं कचाकचा खात होती. चौथा महिना चालू होता. हेमांगीच्या हातात शास्त्र होतं, पुरावा होता, तीस वर्षांची नोकरी होती. आणि चार महिन्यांच्या त्या जिवाकडे जायला वाट एकच होती, शर्वरीच्या तोंडातून.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला वाट सापडली. सापडली म्हणण्यापेक्षा समोर येऊन पडली. दाणे भाजता भाजता शर्वरी सहज म्हणाली, "आईचा फोन होता साताऱ्याहून. विचारत होती, यंदा संक्रांत कशावर आलीय बघ म्हणून. गेल्या वर्षी पिवळ्यावर होती ना, तर तिने माझी सगळी पिवळी ड्रेस मटेरियल परत ठेवायला लावली होती. मी काही मानत नाही हो, पण ठेवली."

दरवर्षी पंचांगात संक्रांतीचं वर्णन येतं. देवी कोणत्या वाहनावर बसून येते, कोणतं वस्त्र नेसते, कोणत्या दिशेला बघते. ती जे नेसते ते त्या वर्षी वापरायचं नाही, असं बायका एकमेकींना कळवतात आणि पुरुष हसून दुसरा शर्ट घालतात. हेमांगीची सासू हे सगळं पाळायची आणि हेमांगी तिला तोंडावर हसायची. सासू जाऊन बरीच वर्षं झाली होती, ते एक बरं होतं.

हेमांगी आतल्या खोलीत गेली, दार लावलं आणि टाइप करायला बसली. आयुष्यात तिने पुष्कळ शोधनिबंध लिहिले होते. हा सगळ्यांत लहान होता.

'यंदा संक्रांत देवी निळे वस्त्र नेसून वाघावर येत आहे. तिची दृष्टी गर्भवती स्त्रिया व लहान मुलांवर आहे. निळ्या रंगाचा कोणताही पदार्थ घरात शिजवू नये, खाऊ नये, वाण म्हणून देऊ नये. हा दोष बारा वर्षे राहील. ज्यांनी थट्टा केली त्यांना प्रचिती आली आहे. अकरा जणींना पाठवा.'

बारा वर्षं तिने जाणूनबुजून घातली होती. शास्त्रज्ञ माणूस सुरक्षिततेचं अंतर जरा जास्तच ठेवतो. संदेश तिने कॉलेजातल्या एका मैत्रिणीला पाठवला. ही नागपूरची बाई कोणतीही गोष्ट स्वतःजवळ पाच मिनिटंसुद्धा ठेवत नसे.

संध्याकाळपर्यंत तो हेमांगीकडेच चार वेगवेगळ्या बायकांकडून परत आला. दरम्यान तो सुधारला होता. आता तो काशीच्या पंडितांनी काढला होता. तिसऱ्या आवृत्तीत जपानच्या शास्त्रज्ञांनीही त्याला दुजोरा दिला होता. दिवेलागणीला साताऱ्याहून फोन आला आणि शर्वरी बराच वेळ नुसती "हो आई, हो आई" करत राहिली. मग स्वयंपाकघरात गेली, शीतकपाट उघडलं आणि निळ्या बिटाची पिशवी बाहेर काढली.

"टाकतेस?" हेमांगीने विचारलं.

"माझा विश्वास नाही हं अजिबात," शर्वरी म्हणाली. "पण बाळाच्या बाबतीत रिस्क कशाला?"

हेमांगीला हसू आलं आणि रडूही. तिने दोन्ही आवरलं आणि पिशवी खाली नेण्यासाठी हात पुढे केला.

"तुम्ही नका हात लावू त्याला," शर्वरी घाईने म्हणाली. "तुम्हाला काही व्हायला नको."

ती संक्रांत सुवर्णबागेत निळ्यावाचून गेली. निमिषचे सगळे ऑफिसचे शर्ट माळ्यावर गेले. काकूंनी वाण म्हणून चहाची गाळणी दिली. मानांकनाचा अर्ज मागे घेण्यात आला. वाफ्यांतलं उभं निळं पीक लोकांनी उपटलं, पण कचऱ्याच्या गाडीत टाकलं तर दोष गावात जाईल म्हणून वाफ्यांतच खड्डे करून पुरलं. मातीतला कॅडमियम मातीत परत गेला. शर्वरी सातव्या महिन्यात साताऱ्याला गेली. तिथल्या परसात बीट नव्हतं, नुसती अळूची पानं होती. ज्येष्ठात मुलगी झाली. वजन थोडं कमी भरलं, पण रडणं खणखणीत होतं. नाव मिहिका.

हेमांगीला वाटलं, खोटं बोलून का होईना, जिंकले. हे तिला साधारण दोन महिने वाटलं.

मग तिच्या प्रयोगशाळेच्या मालक बियाणे कंपनीतून सामंतचा फोन आला. सामंत तिचा वरिष्ठ, वयाने तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, बोलायला अत्यंत नम्र.

"मॅडम, सुवर्णबागेचे फोटो बघून निळ्याला मागणी आली होती, तो बाजार गेला. गेला म्हणजे पार गेला. कुठूनतरी एक फॉरवर्ड आलं म्हणे. राज्यभरात लोक निळी वांगीसुद्धा घेईनात."

"वांगी निळी नसतात, सामंत."

"हे ग्राहकाला कोण सांगणार? तर डायरेक्टर म्हणतायत, निळं काढून टाका. तीच गोडी, तोच आकार, रंग फक्त लाल. नेहमीचा. शुभ. जमेल ना?"

"जमेल. कळ तोडायची, मूळचा लाल जोडीदार परत द्यायचा, संपलं. पण मग ते मातीबद्दल काही सांगणार नाही."

"सांगायला नकोच आहे, मॅडम. लोकांना खायचंय."

"कॅडमियम ते तसाच ओढेल, सामंत. फक्त गप्प बसेल."

"पाकिटावर सूचना छापू," सामंत समजुतीने म्हणाला.

हेमांगीने राजीनामा दिला. कंपनीने तो दुःखाने स्वीकारला आणि तिच्याच टिपणांवरून तिच्या हाताखालच्या पोराने काम आटोपलं. नव्या वाणाचं नाव 'मांगल्य'. जाहिरातीत एक गरोदर बाई लाल बिटाकडे बघून हसत होती. खाली लिहिलं होतं, 'तेच बीट. निळ्यावाचून.' नोकरी सोडताना हेमांगीने टेबलाचा खण रिकामा केला. त्यात जुन्या 'साक्षी'चं मूठभर बी होतं. ते तिने रुमालात बांधून पर्समध्ये टाकलं आणि मुलाकडे सुवर्णबागेत राहायला आली.

दसऱ्यानंतर सुवर्णबागेच्या वाफ्यांत मांगल्य पेरलं गेलं. मार्गशीर्षात पहिलं बीट निघालं. ते लालभडक होतं. त्या दिवशी कोलतेकाका स्वतः जिना चढून वर आले. चढताना दोनदा थांबले. त्यांच्या हातात आता काठी होती.

"मॅडम, अभिनंदन! तुमचं म्हणणं खरं ठरलं."

"कुठलं म्हणणं?"

"अहो, तुम्हीच नाही का सभेत सांगितलंत? माती विषारी असली तर बीट निळं, नाहीतर निळं नाही. आम्ही तेव्हा ऐकलं नाही, आमचंच चुकलं. आता बघा." त्यांनी खिशातून बिटाची फोड काढली आणि उजेडात धरली. "एक थेंब निळा नाही. माती शुद्ध झाली. निळं उपटून पुरलं, दोष गेला."

"काका, हे वाण वेगळं आहे. हे कुठेही लावा, लालच येईल. नुसत्या कॅडमियमच्या पोत्यात लावलंत तरी."

कोलतेकाकांनी तिच्याकडे दयेने पाहिलं. "म्हणजे निळं होतं तेव्हा तुम्ही म्हणालात विष आहे. आता लाल आहे तर म्हणता विष आहे. मग विष नसेल तेव्हा कोणत्या रंगाचं येईल, तेवढं सांगा."

याला उत्तर होतं. पण ते दहा मिनिटांचं होतं, आणि काका तोवर दोन पायऱ्या उतरले होते.

शर्वरीला मात्र तिने पुन्हा सगळं सांगितलं. आवाज न चढवता, मिहिका झोपली असताना. शर्वरीने शेवटपर्यंत ऐकलं.

"आई, मला एक सांगा," ती म्हणाली. "निळं खाऊ नको म्हणालात, सोडलं. माझे डोहाळे होते तरी सोडलं. आता लालही नको? डॉक्टर म्हणतायत बाळाला लोह पाहिजे, बीट द्या. उकडून, कुस्करून. तुम्हाला नक्की बीट नकोय, की मी केलेलं काहीच नकोय?"

"तसं नाही गं. बाजारातलं दे. बाहेरगावचं दे."

"बाजारातलं! त्यावर काय काय फवारलेलं असतं! आपल्या दारातलं, आपल्या हातचं सोडून?"

निमिष दारात उभा होता. "दोघींचंही लॉजिक बरोबर आहे," तो म्हणाला.

हेमांगीजवळ आता एकच वस्तू उरली होती. पेरणीच्या दिवसांतच तिने वाफ्यातली माती एका कुंडीत भरून आपल्या खोलीच्या खिडकीत ठेवली होती आणि रुमालातलं बी तिच्यात टाकलं होतं. बिटाच्या पानांवरून आतलं कळत नाही. शर्वरीला वाटलं, सासूबाईंनी एकदाची बागकामाला सुरुवात केली.

मिहिकाची पहिली संक्रांत. बोरन्हाण. दिवाणखान्याच्या मधोमध पाट, पाटावर काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घातलेली मिहिका, भोवती वसाहतीतली सगळी पोरं आणि त्यांच्या आया. परातीत बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, रेवड्या. यंदा त्यात एक भर होती. उकडलेल्या लाल बिटाच्या बोटभर फोडी.

"बाळांना चावायला सोप्या जातात," कोलतेकाकू म्हणाल्या. त्यांचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता. भोगीच्या आदल्या दिवशी गूळपोळी लाटताना मनगट मोडलं होतं. पडल्या नव्हत्या, आपटल्या नव्हत्या. फक्त पोळी लाटत होत्या. "वय झालं," असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. त्या एकोणपन्नास वर्षांच्या होत्या.

शर्वरीने परात उचलली तेव्हा हेमांगी आतून कुंडी घेऊन आली.

"थांब. आधी हे बघ. सगळ्यांनी बघा." तिने पानं धरून बीट उपटलं. माती झटकली, सुरीने मधोमध कापलं आणि दोन्ही अर्धुकं हातावर धरून उभी राहिली. "ही माती खालच्या वाफ्यातली आहे. तुमच्या लाल बिटाचीच. बी तेवढं जुनं आहे. बघा काय म्हणतंय ते."

ते निळं होतं. गेल्या वर्षीपेक्षा गडद, जवळजवळ काळं.

सगळे वाकून बघायला लागले. हेमांगीला वाटलं, बघणं खरंच सगळ्यांना येतं.

मग कोलतेकाकू किंचाळल्या. "अगं बाई! निळं! आजच्या दिवशी! लेकराच्या समोर!"

आयांनी आपापली पोरं मागे ओढली. कोणी मिहिकाच्या डोळ्यांवर हात धरला. कोणी मीठमोहऱ्या आणायला आत धावलं.

"बारा वर्षं सांगितली होती ना, आई," परात खाली ठेवत शर्वरी म्हणाली. "तुम्हाला सगळं माहीत असताना? घरात लावलंत? तिच्या उशापलीकडच्या खोलीत?"

"शर्वरी, ते काही नसतं. तो मेसेज मी लिहिला होता. मी! तू निळं खाणं सोडावंस म्हणून. देवी नाही, वाघ नाही. मी बसून टाइप केला."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. काकूंचा चेहरा आता रागाचा नव्हता, काळजीचा होता. "हेमांगीताई, तो काशीहून आलाय," त्या हळू म्हणाल्या. "माझ्या बहिणीने तिथल्या पंडितांना फोन करून खात्री केली होती. बसा तुम्ही. पाणी प्या."

"नोकरी गेल्यापासून तिचं असं होतंय," निमिष कोणालातरी दबक्या आवाजात सांगत होता.

एका बाईने पदराने दोन्ही निळी अर्धुकं उचलली आणि खाली वाफ्यात पुरायला नेली. काकूंनी डाव्या हाताने मिहिकाची दृष्ट काढली. मिरच्या तडतडल्या, ठसका आला नाही, आणि ठसका आला नाही म्हणजे दृष्ट जबरदस्त होती याबद्दल एकमत झालं. मग सगळ्यांनी ठरवून चेहरे हसरे केले, कारण सण होता. शर्वरीने परात मिहिकाच्या डोक्यावर धरली आणि हलकेच कलती केली.

बोरं, चुरमुरे, रेवड्या आणि लाल फोडी मिहिकाच्या अंगावरून पाटावर सांडल्या. पोरं झडप घालून वेचायला लागली. मिहिकाने आपल्या मांडीवरची एक लाल फोड मुठीत पकडली, निरखून पाहिली आणि तोंडाकडे नेली.

हेमांगी पाटासमोर खाली बसली. तिने पोरीच्या हातातलं हिसकावून घेतलं नाही. हिसकावलं असतं तर तिला त्या खोलीत पुन्हा येऊ दिलं नसतं. तिने नुसती ओंजळ पुढे केली आणि म्हणाली, "मला देतेस? आजीला?"

सात-आठ महिन्यांच्या बाळांना द्यायला फार आवडतं. मिहिकाने तोंडाजवळची फोड आजीपुढे धरली. हेमांगीने ती तिच्या हातातून ओठांनी उचलली आणि खाल्ली. गोड होती.

मिहिका खळखळून हसली. तिने दुसरी फोड वेचली आणि आजीच्या तोंडात घातली. मग तिसरी. हेमांगी खात गेली.

"अय्या, बघा तरी!" कोणीतरी म्हणालं. "एवढं नको नको म्हणत होत्या, आणि आता बघा किती आवडीने खातायत!"

शर्वरीचा चेहरा निवळला. तिने डोळे पुसले आणि चष्म्याच्या काडीला हात लावून चित्रण सुरू केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मिहिकाच्या मांडीवरच्या फोडी संपल्या तशी ती हात पसरून आणखी मागायला लागली.

कोलतेकाकूंनी डाव्या हाताने एक वाटी लाल फोडींनी भरली आणि तिच्यापुढे ठेवली.